पात्याचे दाते

न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाचं दार टक् करून मिटलं, आणि शांत स्वयंपाकघरात कॉफीची किटली हातात धरून उभी असलेली इर्मेली जागच्या जागी थबकली. रविवारचे सात वाजले होते. त्या दाराला लोहचुंबकाची खिटी होती. आवाज होऊ नये म्हणून कोणी ते हळूहळू लोटत नेलं, की शेवटच्या बोटभर अंतरावर चुंबक दार ओढून घेई आणि दुप्पट आवाज करी. दहा वर्षांच्या मुलीला हे अजून कळलेलं नव्हतं. इर्मेलीला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

ती आत गेली. सुवी एक पाय टबच्या काठावर ठेवून, झोपायचा झगा कमरेपर्यंत वर धरून मांडीला मलम चोळत होती. मांडीवर दोन जांभळ्या रेघा होत्या, वीतभर लांब, आखून काढल्यासारख्या.

“काय गं हे?”

“पडले.”

“पडल्याचा डाग असा सरळ नसतो, बाळ.”

सुवीने झगा खाली सोडला. “अकरा वेळा पडले, आई. दर वेळी तीच उडी. दहापर्यंत बाबा काहीच बोलले नाहीत.” बापाची बाजू मांडावी तशी ती घाईघाईने बोलत होती. “काल बूट काहीतरी वेगळेच वाटत होते. पाय निसटायचा. मी सांगितलं, तर बाबा म्हणाले, बुटांना नावं ठेवणाऱ्यांनी घरी बसावं. मग काठी... म्हणजे काठीचा दांडा. एकदाच. दोनदा.”

काल शनिवारी सुवीचा सराव होता त्याच इमारतीत इर्मेलीही कामावर होती. बर्फाच्या हॉलच्या तळघरात, धार लावायच्या खोलीत. वर तिची मुलगी पडत होती आणि खाली ती पोरांच्या बर्फावरच्या हॉकीच्या बुटांच्या पात्यांना धार लावत होती. चाक चालू असलं की वरचं काही ऐकू येत नाही.

“काय मग बायांनो! आज टीव्हीवर दिसायचंय ना?” स्वयंपाकघरातून तिच्या नवऱ्याचा, ताइस्तोचा, आवाज आला. तो केव्हा उठला ते कळलंच नव्हतं. सुवीचे पांढरे बूट त्याने रेडिएटरवर ऊब घ्यायला ठेवले होते आणि स्वतःच्या हाताने राय धान्याच्या पावाला लोणी लावत होता, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, सुवीला आवडतं तसं. समोरचे चार दात खोटे असलेला तो आडदांड माणूस मुलीचा घास करताना जीभ बाहेर काढून, मन लावून काम करी. त्याची माया खोटी असती तर इर्मेलीला सोपं गेलं असतं.

“खा गं राणी. उपाशी पोटी उडी बसत नाही.”

सुवीने खाल्लं.

*

वर्षभरापूर्वीपर्यंत ही उडी त्या घरात नव्हती.

गाव कागदकारखान्याचं आणि हॉकीचं. ताइस्तो कारखान्यात लगदा शिजवायच्या विभागात होता, आणि अकरा हिवाळे गावच्या संघात बचावाला खेळलेला. शनिवारच्या निकालावर पुष्कळ घरांतला रविवार ठरे. संघ जिंकला तर पुरुष गात घरी येत. हरला तर इर्मेलीसारख्या बायका सोमवारी गळपट्टा गुंडाळून कामावर जात आणि एकमेकींच्या गळपट्ट्यांकडे पाहत नसत.

फिगर स्केटिंग म्हणजे या गावात हसण्यावारी न्यायची गोष्ट. सकाळी सहा वाजता, हॉकीवाल्यांनी नको म्हटलेल्या वेळेला, सहा मुली आणि आउनेबाई. बाई साठीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्या प्रत्येक मुलीला बर्फाची एक पट्टी वाटून देत. मुलीने एका पायावर एक गोल काढायचा, मग दुसऱ्या पायावर दुसरा, असा आठाचा आकडा. आणि त्याच रेघेवरून पुन्हा जायचं, तीनदा. मग बाई लहान कुंचा घेऊन गुडघ्यांवर बसत, बर्फाचा भुगा झाडत आणि रेघ निरखत. तीन रेघा एकीवर एक बसून एकच दिसली, की म्हणत, “आज तुझं मन शांत आहे.” हॉलमध्ये दुसरा आवाज नसे.

“बर्फावरचं शिवणकाम,” ताइस्तो म्हणायचा. “टाके नीट घालतेस ना गं?” यापलीकडे तो सुवीला कधी काही विचारत नसे. इर्मेलीला वाईट वाटायचं. आता तिला कळत होतं, की ती थट्टा म्हणजे मुलीच्या डोक्यावरचं छप्पर होतं. ज्याची किंमत नाही त्यावर कोणी हात उचलत नाही.

मग गेल्या मार्चमध्ये राजधानीत जगभरातल्या मुली स्पर्धेला आल्या आणि टीव्हीने त्या चार दिवस घरोघर नेल्या. वाहिन्या दोनच; दुसरीवर शेतीमालाचे भाव. बिअरच्या दुकानातसुद्धा तेच लावलेलं. गोल मात्र कोणी दाखवले नाहीत. गोल काढायला अख्खी सकाळ जाते आणि बघणाऱ्याला दिसत काहीच नाही. निवेदकाने एका वाक्यात त्यांचे गुण सांगितले आणि संगीत सुरू झालं. लोकांनी पाहिल्या त्या उड्या. एक मुलगी हवेत गिरक्या घेऊन उतरली, पुढच्या उडीला धाडकन तोंडावर आपटली, हनुवटीचं रक्त हाताने पुसून उठली आणि हसत पुढे निघाली.

ताइस्तो खुर्चीतून उठून उभा राहिला. “अगं, ही तर हॉकी आहे!” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघ, बघ, कशी उठली! आणि आपली पोर हेच करते? मला सांगितलं का नाहीस तू?”

महिन्याभरात सहाच्या पंचेचाळीस मुली झाल्या. ज्या बापांनी आयुष्यात पांढरा बूट हातात धरला नव्हता ते इर्मेलीच्या खोलीबाहेर रांगा लावू लागले. आणि प्रत्येक जण तीच मागणी करी. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. हॉकीच्या पात्याला नसतात. “बाई, हे तेवढे घासून टाका की. यातच अडखळते पोरगी.” इर्मेली त्यांना समजावून समजावून थकली. उडी घेताना पाय शेवटी त्या दात्यांवर टेकून सुटतो. सगळ्यांत खालचा दाता नसेल तर पाय टेकायच्या जागी निसटतो, आणि मूल हवेत तिरकं फेकलं जातं. बाप मान डोलवत, आणि त्यांचं मन भरलेलं नसे, हे तिला दिसे.

ताइस्तोने सुवीला गोलांतून काढलं. “टीव्हीवर कोणी गोल काढत नाही, आउनेबाई. तुमचं शिवणकाम तुमच्याकडे ठेवा.” संध्याकाळचा बर्फ त्याने भांडून मिळवला. हॉकीची काठी घेऊन तो कठड्याशी उभा राही. पहिली थप्पड त्याने ऑक्टोबरमध्ये मारली, हातमोजा काढून, सगळ्यांच्या देखत. इर्मेली जिन्यात होती. तिने आजूबाजूला पाहिलं. कोणीतरी काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं.

“असा बाप मिळायला नशीब लागतं,” बेकरीवाली किर्स्ती कॉफी फुंकत म्हणाली. “आमचे हे बघ, गाडीतून उतरत पण नाहीत.”

जानेवारीपासून देशात मुलांवर हात उगारायला कायद्याने बंदी आली. हॉलचा व्यवस्थापक उर्पो याने तो सरकारी कागद सूचनाफलकावर डकवला. आठवड्याने टीव्हीवाले आपल्या हॉलमध्ये जिल्ह्याची स्पर्धा चित्रित करायला येणार असं ठरलं. फलकावर जागा नव्हती, म्हणून ती जाहिरात त्याने त्याच कागदावर लावली.

*

“धार नको फार. जरा हात फिरव,” ताइस्तो बूट तिच्या हातात देत म्हणाला. “अकराला तिचा नंबर. साडेदहाला येतो न्यायला.”

तळघरात दगडाच्या भुकटीचा आणि तेलाचा वास होता. वर खुर्च्या सरकवल्याचे, केबल ओढल्याचे आवाज येत होते. इर्मेलीने डावा बूट शिकंज्यात उलटा अडकवला, दिवा खाली ओढला, आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

टोकाशी अंगठा अडला नाही.

तिने चष्मा लावला. सगळ्यांत खालचा, मोठा दाता नव्हता. त्या जागी चपटं, चकचकीत लोखंड होतं, आणि त्यावर आडव्या बारीक ओरखड्यांची जाळी. हे चाकाचं काम नव्हे. चाक एका दिशेने रेघा सोडतं. ही कानस होती, कोणीतरी गुडघ्यात बूट धरून दहापंधरा मिनिटं घासलेली, मन लावून. तिने उजवा बूट पाहिला. तोही तसाच.

शुक्रवारी संध्याकाळी ताइस्तो घराच्या तळघरातल्या सौनात, वाफेच्या न्हाणीत, जरा जास्तच वेळ होता. वर आला तेव्हा शीळ घालत होता.

इर्मेली स्टुलावर बसली. अकरा वेळा. तिच्या डोळ्यांपुढे पोर येत राहिली, उडी घेणारी, पाय निसटून तिरकी जाणारी, मांडीवर आपटणारी, उठून कठड्याकडे येणारी आणि म्हणणारी, बूट वेगळेच वाटतायत. आणि वर तिलाच दांड्याचा मार. ज्याने पाडलं त्यानेच.

साडेदहाला दार उघडलं. ताइस्तोने लग्नातला कोट घातला होता. केस ओले करून बसवले होते.

“झालं का?”

“दाता तू घासलास?”

“कुठला?” मग तो हसला, चोरी पकडलेल्या मुलासारखा. “अगं, अडखळायची ती. दर वेळी तिथेच अडायची. म्हटलं, जरा मोकळं करून द्यावं. तुला सांगितलं असतं तर तू पुराण लावलं असतंस.”

“म्हणून ती काल पडली. अकराच्या अकरा वेळा. तुझ्यामुळे.”

“काल ती पडली कारण तिचं लक्ष नव्हतं.”

“ताइस्तो, त्या दात्यावरूनच पाय सुटतो. मी आयुष्यभर हेच करते रे. आज ती उडीला गेली तर डोक्यावर पडेल.”

“पडली तर उठेल!” त्याचा आवाज चढला. “टीव्हीवर नाही का उठत? वर सगळं गाव बसलंय. कॅमेरा लागलाय. मी काय सांगू लोकांना, कानशीने घासलं म्हणून? आण ते बूट.”

“दुसरी पाती लावायला दोन तास लागतील. तिचं नाव काढू.”

“बूट आण, इर्मेली.”

तिने बटण दाबलं. चाक गुरगुरलं आणि मग त्याचा आवाज एकसुरी, उंच झाला. तिने डावा बूट शिकंज्यातून काढला, दोन्ही हातांनी धरला, आणि पात्याचं टोक सरळ चाकावर दाबलं. ठिणग्यांचा झोत तिच्या अंगावर उडाला. उरलेले दाते दहा मोजायच्या आत गेले. टोक गुळगुळीत, गोल, हॉकीच्या पात्यासारखं झालं.

“आता हे बघून कुठलाच पंच तिला बर्फावर सोडणार नाही,” ती म्हणाली.

पहिला फटका कानावर बसला. तिने बूट सोडला नाही. उजवा शेजारी कामाच्या बाकावर होता, तो घ्यायला वळली, तर त्याने तिच्या मानेला मागून पकडून तिला बाकावर दाबलं. तिचं नाक लोखंडावर आपटलं. गरम, खारट काहीतरी ओठांवर आलं. “काय केलंस तू? काय केलंस पोरीचं?” तो ओरडत होता, रडत होता, आणि तिचं डोकं आपटत होता. तिचा डावा हात आधार शोधत पुढे गेला आणि चाकाला लागला.

चाकाचा आवाज बदलला. एवढाच बदलला, जरा जाड झाला.

दुखलं नाही लगेच. तिने हात मागे घेतला तर दोन बोटांची टोकं नव्हती आणि दिव्यावर लाल बारीक शिंतोडे होते. मग ती ओरडली. ताइस्तोने तिला सोडलं. तो भिंतीला टेकला आणि आपल्याच हातांकडे बघत राहिला.

दारात उर्पो आला. त्याने चाक बंद केलं, रक्ताकडे पाहिलं, आणि मग वर, छताकडे. “अरे देवा,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “ताइस्तो, अरे, आज? टीव्हीवाले आलेत, आणि आज?”

इर्मेलीने खुंटीवरचा पुसायचा टॉवेल हाताला गुंडाळला. उजवा बूट तिने तसाच उचलला, डाव्याची नाडी दातांत धरली, आणि जिना चढायला लागली. कोणी तिला अडवलं नाही.

*

वर इतका उजेड होता की तिला क्षणभर दिसेना. टीव्हीचे दिवे. बर्फ कधी नव्हे तो निळा दिसत होता. बाकं भरलेली, कारखान्याचे लोक, त्यांच्या बायका, हॉकीची पोरं कंगवा फिरवून. गेल्या वर्षी यांतलं कोणी आलं नसतं. एक लहान मुलगी गुलाबी झग्यात बर्फावर फिरत होती आणि तिने साधी एका गिरकीची उडी मारली तरी लोक टाळ्या पिटत होते.

सुवी कठड्याशी उभी होती, चंदेरी टिकल्यांच्या झग्यावर बापाचा जाड हिवाळी कोट घालून, पायांत मोजे. तिने आईचं नाक पाहिलं, टॉवेल पाहिला. तिचं तोंड उघडलं.

“आउनेबाई,” इर्मेली नाडी तोंडातून काढून म्हणाली, “हिचं नाव काढा.”

बाई पंचांच्या मेजाशेजारी गोलांचे गुण लिहायला बसल्या होत्या. त्यांनी डावा बूट घेतला, टोकावरून अंगठा फिरवला, मग उजव्याच्या टोकावरून, आणि उजव्याशी थांबल्या. “ही कानस आहे,” त्या म्हणाल्या.

“नाव काढा? अगं बाई!” मागच्या रांगेतून किर्स्ती उठली. “बापाने वर्षभर रक्त आटवलं त्या पोरीसाठी!”

इर्मेली वळली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. बोलली तेव्हा आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. “शुक्रवारी त्याने हिचे दाते घासले. काल ही अकरा वेळा पडली ती त्यामुळे. आणि पडली म्हणून त्याने हिला काठीने मारलं. तुम्ही पाहिलंत, किर्स्ती. तुम्ही सगळे काल इथेच होतात.”

कोणीतरी खोकलं. हॉकीच्या एका पोराने पायातल्या बुटांकडे पाहिलं. कॅमेरावाल्याने मान वळवली, इर्मेलीच्या टॉवेलकडे पाहिलं, आणि कॅमेरा तसाच बर्फावर ठेवला. मग गुलाबी झग्यातल्या मुलीचं संगीत संपलं, ती वाकली, आणि लोकांना टाळ्या वाजवायचं निमित्त मिळालं. त्यांनी जोराने वाजवल्या.

पंचांनी कागदावरचं एक नाव खोडलं आणि पुढचं पुकारलं.

*

कपडे बदलायच्या खोलीत आउनेबाईंनी टॉवेल सोडून हात स्वच्छ पट्टीने बांधला, वर धरायला लावला, आणि रुग्णवाहिका कुठवर आली ते बघायला बाहेर गेल्या. जाताना दाराला आतून कडी घालायला सांगून गेल्या. तळघरातून ताइस्तो वर आलेला नव्हता. उर्पो म्हणे खाली त्याच्यापाशी बसला होता.

बाकावर दोघी शेजारी शेजारी. इर्मेलीचा हात आता ठणकत होता, खांद्यापर्यंत. सुवी मांडीवर एक बूट घेऊन त्याच्या गुळगुळीत टोकावरून अंगठा फिरवत होती, आउनेबाईंसारखाच.

“म्हणजे काल मी माझ्यामुळे नव्हते पडले?”

“नाही गं. दाताच नव्हता. कोणीही पडलं असतं. जगातली पहिली आलेली मुलगीसुद्धा पडली असती.”

“अकराच्या अकरा वेळा?”

“अकराच्या अकरा.”

सुवीचा चेहरा जरा सैल झाला. तिने डोक्यातल्या पिना एकेक काढून बाकावर ओळीने ठेवल्या. बाहेर पुन्हा संगीत लागलं, पुन्हा टाळ्या पडल्या. इर्मेलीला वाटलं, आता ती रडेल, रडावी. तिने धड असलेला हात पुढे केला आणि मुलीच्या मोकळ्या केसांवरून फिरवला. केसांना रेडिएटरवर वाळलेल्या लोकरीचा वास येत होता. मांडीवरच्या त्या दोन रेघा झग्याच्या काठाखालून दिसत होत्या, आणि त्यांच्याखाली जुन्या, पिवळ्या पडलेल्या आणखी काही होत्या. मार ऑक्टोबरपासूनचा होता. त्या वेळी पात्याला सगळे दाते होते. दर पंधरा दिवसांनी ती स्वतःच धार लावत होती.

सुवी आईच्या नजरेबरोबर खाली वाकली. तिनेही पाहिलं. झगा ओढून रेघा झाकल्या, आणि मनात काहीतरी जुळवलं. मग तिने मान वर केली. रागावून नाही; गोलाची रेघ कुठे चुकली ते विचारावं, तशी.

“आई, दाते सगळे असते, आणि तरीही मी पडले असते, तर तू वर आली असतीस?”